लाल चेंडूचे सर

टेनिसचा नेहमीचा पिवळा चेंडू प्रमाणित करताना एक साधी चाचणी घेतात. २५४ सेंटीमीटर उंचीवरून तो कडक जमिनीवर सोडायचा आणि किती उसळतो ते मोजायचं. १३५ ते १४७ सेंटीमीटरच्या दरम्यान उसळला तर पास, नाहीतर नापास. आता सहा वर्षांचं मूल या चेंडूशेजारी उभं करून पाहा. त्याची उंची साधारण ११५ सेंटीमीटर. म्हणजे नियमाने उत्तम ठरलेला चेंडू त्याच्या डोक्यावरून वीतभर वर जातो. जाळीपलीकडून सर ओरडत असतात, ‘रॅकेट खालून वर आण!’ पोर ती कशीबशी कानाच्या वर नेतं, चेंडू मागच्या कुंपणाला लागतो आणि बाकावर बसलेली आई म्हणते, ‘लक्षच नसतं याचं.’

लक्ष असतं. उंची नसते.

या अडचणीवर तोडगा निघाला त्याला बरीच वर्षं झाली. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ मध्ये ‘प्ले अँड स्टे’ नावाची मोहीम सुरू केली आणि तीन रंगांचे मंद चेंडू जगभर पुढे आणले. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. लाल चेंडूचं कोर्ट जेमतेम ११ मीटर लांब, म्हणजे मोठ्या कोर्टाची डबल्सची जी रुंदी तीच इथली लांबी. जाळी ८० सेंटीमीटर उंच. नारिंगी चेंडूचं कोर्ट १८ मीटरचं, आणि हिरवा चेंडू हाती आला की पूर्ण २३.७७ मीटर. रॅकेटही मोठ्यांची २७ इंची नव्हे, तर मुलाच्या उंचीला बेतलेली, १९ इंचांपासून चढत जाणारी. २०१२ पासून तर हा नियमच झाला. दहा वर्षं आणि त्याखालच्या वयोगटाच्या स्पर्धा पिवळ्या चेंडूने घेता येत नाहीत. नियमपुस्तकाला सहसा हात न लावणाऱ्या या खेळाने मुलांसाठी एवढा मोठा बदल केला, यावरून तो किती गरजेचा होता हे कळावं.

क्रिकेटच्या बाबतीत हे शहाणपण आपल्याकडे गल्लीतल्या पोरालाही असतं. सहा वर्षांच्या मुलाच्या हाती कुणी सीझन बॉल देत नाही. आधी प्लास्टिकचा, मग रबरी, मग टेनिसचा, आणि पॅड बांधण्याचं वय झालं की सीझनचा. गंमत अशी की क्रिकेटमध्ये जो चेंडू हलका म्हणून मुलाला देतात, तोच टेनिसच्या कोर्टावर त्याच्या वयाला भारी पडतो. आणि हे शिकवण्याचे पैसे घेणाऱ्या जागीच अनेकदा कुणाच्या ध्यानात नसतं.

बऱ्याच कोर्टांवर लहान मुलांच्या बॅचच्या वाट्याला येतात ते सभासदांनी खेळून टाकलेले पिवळे चेंडू. ‘जुने आहेत, आपोआप मंद झालेत’ असं त्याचं समर्थनही केलं जातं. आतला दाब गेल्यामुळे असा चेंडू कमी उसळतो हे खरं. पण वरची लव झिजली की हवेचा अडथळाही कमी होतो, आणि टक्कल पडलेला चेंडू येताना उलट झपकन येतो. शिवाय एकाच बास्केटमधला एक चेंडू गुडघ्याइतका उठतो, दुसरा खांद्याइतका. मुलाला टप्प्याचा अंदाज यावा म्हणून ज्या वयात शेकडो वेळा तीच उसळी दिसायला हवी, त्या वयात त्याला प्रत्येक खेपेला नवं कोडं पडतं.

या चेंडूशी झगडताना मूल स्वतःपुरती युक्ती शोधतं. रॅकेटच्या मुठीला आठ बाजू असतात आणि तळहात कोणत्या बाजूवर टेकतो यावर फटक्याचं सगळं गणित ठरतं. चेंडू सतत खांद्याच्या वर येत असेल तर हात आपसूक मुठीखाली सरकतो, कारण तशा पकडीनेच उंच चेंडू खाली दाबता येतो. दोन वर्षांत ती पकड पक्की होते. पुढे बाराव्या वर्षी कुणी व्हॉली शिकवायला घेतली, सर्व्हिसला मनगट वळवायला सांगितलं, की हात ऐकत नाही. मग नवे सर जुन्या सरांना दोष देतात आणि मूल सहा महिने पकड बदलण्यात घालवतं. या काळात ते हरतं आणि घरी बोलणी खातं.

दुसरी युक्ती म्हणजे मूनबॉल. ज्युनियर टेनिसच्या स्पर्धांना फिरणाऱ्या प्रत्येक पालकाला हा शब्द ठाऊक असतो. बेसलाइनच्या दोन-तीन मीटर मागे जायचं आणि चेंडू जाळीवरून उंच, अगदी आभाळात टांगून द्यायचा. समोरचं मूलही तेवढंच बुटकं, त्यालाही तो घेता येत नाही. नऊ वर्षांच्या गटात या एका फटक्यावर करंडक मिळतो. मग सर तोच शिकवतात, कारण पालकांना करंडक हवा असतो आणि सरांना पुढच्या बॅचसाठी फोटो. तेरा-चौदाव्या वर्षी समोरच्या मुलीची उंची वाढते, ती टांगलेला चेंडू खांद्यावरून तडकावून परत देते, आणि लहानपणीच्या विजेतीकडे दुसरा फटकाच नसतो.

मुद्दा चेंडूच्या रंगाचा असता तर दुकानातून लाल चेंडूंची पिशवी आणून प्रश्न मिटला असता. तो सरांचा आहे. लहान मुलांना टेनिस शिकवणं ही मोठ्यांना शिकवण्याआधीची उमेदवारी नव्हे. ते वेगळं कसब आहे, कदाचित जास्त अवघड. आणि आपल्याकडे ते बहुतेक वेळा सगळ्यांत कमी प्रशिक्षण आणि सगळ्यांत कमी पैसे मिळालेल्या माणसाच्या गळ्यात पडतं.

एखाद्या संध्याकाळच्या बॅचचा हिशेब मांडून पाहू. एक कोर्ट, बारा मुलं, एक सर, एक बास्केट. मुलं रांगेत उभी. सर जाळीपलीकडून हाताने चेंडू देतात, पहिलं मूल चार फटके मारतं आणि रांगेच्या शेवटी जातं. चार चेंडूंना पंधरा-सोळा सेकंद, मुलं बदलायला तीन-चार सेकंद. बारा जणांची फेरी चार मिनिटांची. तासाभरात पंधरा फेऱ्या, म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला साठ फटके. आणि हेही चेंडू गोळा करण्याचा वेळ धरला नाही तर. साठ मिनिटांतली चार मिनिटं मूल टेनिस खेळतं. उरलेली छपन्न मिनिटं ते बुटाची लेस सोडतं, पुढच्याला रॅकेटने ढोसतं, पाणी प्यायला जातं आणि ओरडा खातं. शिस्त लावण्यातच सरांचा घसा बसतो. ही बेशिस्त मुलांनी आणलेली नसते, रांगेने आणलेली असते.

तेच कोर्ट आडवं वापरलं तर लाल चेंडूची चार छोटी कोर्टं त्यात बसतात. जाळी नसली तर दोन खुर्च्यांना बांधलेली दोरी चालते. आठ मुलं एकाच वेळी समोरासमोर, चार जणांना गुण मोजण्याचं काम, आणि दर पाच मिनिटांनी अदलाबदल. पहिल्याच दिवशी सर्व्हिस, रॅली आणि गुण; सर्व्हिस खांद्याखालून असली तरी बिघडत नाही. चेंडू इतका हळू येतो की मूल दोन पावलं टाकून त्याच्यापर्यंत पोहोचतं आणि तो कमरेच्या उंचीवर भेटतो. सलग सहा वेळा चेंडू जाळीपार झाला की दोघं आपणहून मोठ्याने मोजू लागतात. सर आता जाळीपाशी उभे नसतात. ते चार कोर्टांच्या मधून फिरतात, एखाद्याजवळ गुडघ्यावर बसून स्वतःच्या रॅकेटवर पकड दाखवतात आणि पुढे सरकतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा गोंधळ वाटतो. चाळीस चेंडू घेऊन एका मुलाला ठोकत बसणाऱ्या सरांपेक्षा हे सर कमी कष्ट करतात, असाही समज होतो. प्रत्यक्षात कुणाची जोडी कुणाशी लावायची, कुठलं कोर्ट दोन पावलं लांब करायचं, कोण कंटाळलाय आणि कोण रडण्याच्या बेतात आहे, हे सगळं एकदम डोक्यात ठेवणं हे बास्केटमधून चेंडू देण्यापेक्षा कितीतरी जिकिरीचं काम आहे.

मग रांग का लागते? त्यात सरांच्या आळसापेक्षा क्लबच्या हिशेबाचा हात मोठा आहे. अनेक ठिकाणी क्लब किंवा सोसायटी कोर्ट अकादमीला भाड्याने देते, नाहीतर फीमधला वाटा घेते. भाडं निघायचं तर बॅच भरली पाहिजे. एप्रिल-मेच्या समर कॅम्पला मुलं उतू जातात, शाळा उघडली की निम्मी गळतात. त्यात पाऊस. लाल मातीची कोर्टं पावसाळ्यात बंद, आणि हार्ड कोर्टावर सकाळी वायपर मारून पाणी काढेपर्यंत पुन्हा सर येते. जून ते सप्टेंबर कमाई डगमगते, भाडं मात्र डगमगत नाही. सरांचा दिवस पहाटे मोठ्या मंडळींच्या बॅचने सुरू होतो, दुपार रिकामी जाते, संध्याकाळी चार ते आठ मुलं. पीएफ नाही, विमा नाही, खांदा किंवा गुडघा गेला तर धंदा बसला. साहजिकच बरे पैसे जिथे आहेत तिकडे सर वळतात: तासाच्या दराने घेतलं जाणारं पर्सनल कोचिंग आणि स्पर्धा खेळणारी दोन-चार मुलं. लहान मुलांची बॅच राहते सहायकाकडे. हा सहायक म्हणजे अनेकदा कालपर्यंत ज्युनियर खेळणारा, आता कॉलेजात असलेला वीस वर्षांचा मुलगा.

किंवा मार्कर. भारतातल्या जुन्या जिमखान्यांत मार्कर ही एक जमातच होती आणि आहे. बॉलबॉय म्हणून लहानपणी कोर्टावर आलेली, सभासदांना जोडीदार नसला की खेळायला उभी राहणारी, मातीवर रोलर फिरवणारी आणि चुन्याच्या रेषा आखणारी ही माणसं. यांच्या हाताला जी जाण असते ती कुठल्या अभ्यासक्रमातून येत नाही. समोर सत्तरीचे काका असोत की सात वर्षांची मुलगी, त्यांना झेपेल नेमका तेवढाच चेंडू नेमक्या जागी टाकणं या लोकांना जमतं. मुलांच्या शिक्षकाला लागणारा हा सगळ्यांत मोठा गुण. पण त्यांना प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमाला पाठवायचा खर्च क्लबच्या अंदाजपत्रकात क्वचितच दिसतो. पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे अभ्यासक्रम आहेत, आंतरराष्ट्रीय महासंघाची नवशिक्यांच्या प्रशिक्षकांसाठी वेगळी पातळी आहे. वाट आहे, अडतं ते भाषेवर, फीवर आणि त्या दिवसांच्या बुडालेल्या कमाईवर. क्लबहाउसचं नूतनीकरण करणाऱ्या जिमखान्याला दोन मार्करना वर्षाकाठी एक अभ्यासक्रम परवडत नाही, हे पटण्यासारखं नाही.

‘एवढं कशाला, पोरात दम असेल तर ते कसंही वर येईल’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. त्याला दाखला म्हणून आंद्रे अगासी हमखास काढला जातो. वडिलांनी चेंडू फेकणारं यंत्र स्वतः बदलून घेतलं, पोराला दिवसाला अडीच हजार चेंडू मारायला लावले आणि आठ ग्रँड स्लॅम आले, अशी ती गोष्ट. ती सांगणाऱ्यांनी त्याचं २००९ मध्ये आलेलं ‘ओपन’ हे आत्मचरित्र वाचलेलं नसतं. आपल्याला टेनिसचा तिटकारा होता, हे त्याने त्यात पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. जेनिफर कॅप्रियाटीची कहाणी आणखी बोलकी आहे. १९९० मध्ये चौदावा वाढदिवस यायच्या आधीच ती व्यावसायिक झाली आणि त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचली. १९९२ मध्ये बार्सिलोनात स्टेफी ग्राफला हरवून ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. १९९३ अखेर ती थकून खेळातून बाजूला झाली. ती परतली आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली हा तिचा चिवटपणा. पण महिला टेनिस संघटनेने तेव्हा धडा घेतला आणि १९९५ पासून कोवळ्या वयातल्या खेळाडूंच्या व्यावसायिक स्पर्धांवर वयानुसार मर्यादा घातल्या.

वैद्यकशास्त्रही याच बाजूने बोलतं. अमेरिकेतले क्रीडावैद्यक नीरू जयंती यांनी ७ ते १८ वयाच्या सुमारे १,२०० मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून निघालेला ठोकताळा कुणाही पालकाला लक्षात ठेवता येईल असा आहे: आठवड्यात मूल जितके तास संघटित खेळ खेळतं ते तास त्याच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त झाले, तर अतिवापराच्या गंभीर दुखापतींचा धोका वाढतो. नऊ वर्षांच्या मुलाला आठवड्याला नऊ तास पुरे. मोकळं हुंदडणं आणि शिस्तीतला सराव यांचं प्रमाण बिघडलं तरी तेच. शिबिराच्या जाहिरातीत ‘रोज चार तास’ हे आकर्षण म्हणून छापलेलं असतं, तेव्हा हा आकडा आठवावा.

घाई नको म्हणजे नेमकं काय करायचं, यावर मात्र जाणत्यांचंही एकमत नाही. मॉस्कोच्या स्पार्ताक क्लबात लारिसा प्रेओब्राझेन्स्काया या प्रशिक्षिका नव्या मुलांना पहिली तीन वर्षं स्पर्धाच खेळू देत नसत. चेंडूशिवाय, हवेतल्या हवेत फटक्यांची नक्कल करून घेत. डॅनियल कॉइल या अमेरिकी पत्रकाराने ‘द टॅलेंट कोड’ या पुस्तकात त्याचं वर्णन केलं आहे. अ‍ॅना कुर्निकोव्हा त्यांच्याच हाताखालची. २००४ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आलेल्या मिस्किना आणि देमेंतिएवा दोघीही लहानपणी याच क्लबात घडल्या. ‘प्ले अँड स्टे’ची शिकवण याच्या अगदी उलटी: पहिल्या तासापासून गुण मोजा, सामना खेळा, तंत्र खेळता खेळता येईल. दोन्हींपैकी बरोबर कोण, हा वाद कोर्टाकोर्टावर चालू राहील. पण नऊ वर्षांच्या मुलाचं रँकिंग हे त्याच्या सरांचं प्रगतिपुस्तक नव्हे, याबाबत दोन्ही घराणी एकच बोलतात. आपल्याकडे नेमकं त्यावरच सरांचं नाव आणि दर ठरतात.

महाराष्ट्राला हा लांब पल्ल्याचा विचार नवा नाही. अंकिता रैना अहमदाबादहून पुण्यात आली ती हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकायला. २०१८ मध्ये तिने जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत प्रवेश केला आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य मिळवलं, तोवर पुण्यात बरीच वर्षं गेली होती. ऋतुजा भोसलेने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, मधली काही वर्षं अमेरिकेत विद्यापीठासाठी खेळून आलेली. पुण्याच्याच वैष्णवी आडकरने २०२५ मध्ये जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्य घेतलं. त्या स्पर्धेत भारताला टेनिसचं याआधीचं पदक १९७९ साली मिळालं होतं, पुण्याच्याच नंदन बाळ यांच्या रॅकेटवर. पुढे ते प्रशिक्षक झाले. कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत खेळली. या नावांमागे बातमीत न येणारी एक माणसांची साखळी आहे. सातव्या-आठव्या वर्षी या मुलींना खेळाची गोडी लागेल असं ज्यांनी शिकवलं, ती ही माणसं.

उलट मोठ्या सोहळ्यांचं पाहा. २०१८ ते २०२३ या काळात पुण्यातल्या बालेवाडीत एटीपीची, म्हणजे व्यावसायिक पुरुष टेनिसची, स्पर्धा भरायची. शाळांच्या बसेस भरून मुलं गॅलरीत येत, सह्या घेत. मग स्पर्धा बंद झाली. त्या मुलांपैकी कितींच्या घराजवळ दुसऱ्या दिवशी लाल चेंडू आणि तो हाताळता येणारे सर होते, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

आणि ‘दम असेल तो वर येईल’ म्हणणाऱ्यांनी वरची परिस्थितीही पाहावी. भारताचा तेव्हाचा पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू सुमित नागल याने २०२३ मध्ये आपल्या बँक खात्यात जेमतेम ९०० युरो उरल्याचं जाहीरपणे सांगितलं. चार महिन्यांनी त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं. १९८९ मध्ये रमेश कृष्णनने मॅट्स विलँडरला हरवल्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकिताला हरवणारा तो पहिला भारतीय. शिखरावरचा हिशेब असा असेल, तर पायथ्याच्या शंभर मुलांना ‘व्यावसायिक खेळाडू’ बनवण्याच्या नावाखाली जे काही चालतं त्यात नव्व्याण्णवांची फसवणूक आहे. त्या नव्व्याण्णवांना टेनिसने काय द्यायचं? चाळिशीतही कोर्टावर उतरता येईल असा खेळ, न चिडता हरण्याची सवय आणि एक प्रामाणिकपणा.

प्रामाणिकपणा हा इथे सुविचार नाही, नियम आहे. ज्युनियर स्पर्धांच्या बहुतेक सामन्यांना खुर्चीवर पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे खेळाडूनेच पुकारायचं, आणि शंका असेल तर फायदा समोरच्याला द्यायचा. दहा वर्षांच्या मुलाला ४-४ असताना, रेषेवर पडलेला चेंडू ‘इन’ म्हणायला लावणं ही साधी गोष्ट नाही. जाळीमागून वडील ‘आउट होता ना रे?’ असं विचारत असतील तर आणखीनच. लाइन कॉलवरून पालकांची जुंपते, मुलं मान खाली घालून उभी राहतात, हे दृश्य स्पर्धेच्या ठिकाणी नवं नाही. ज्या सरांनी सरावातच मुलांना एकमेकांविरुद्ध गुण मोजायला आणि स्वतःविरुद्ध कौल द्यायला शिकवलं, त्यांचं मूल इथे ओळखू येतं. या शिकवणीचा करंडक नसतो, त्यामुळे तिची फीही कुणी वेगळी देत नाही.

गळतीचे दोन ठरलेले टप्पे आहेत. मुलांची दहावी, आणि मुलींचं त्याहून आधीचं, बारा-तेराचं वय. ‘यंदा दहावी आहे’ या वाक्यापुढे सरांचं काही चालत नाही. क्रीडा गुणांची सवलत आहे, पण ती जिल्हा-राज्य पातळीवर खेळणाऱ्यांना. आठवड्यातून तीन दिवस आनंदाने खेळणाऱ्याला नाही. त्याला वर्षभर कोर्टाशी बांधून ठेवायचं तर सकाळची तासाभराची, बिनस्पर्धेची बॅच लागते, आणि अशी बॅच चालवणारे सर हाताच्या बोटांवर मोजावेत. मुलींच्या बाबतीत कारणं अधिक साधी आणि अधिक लाजिरवाणी असतात: कपडे बदलायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही, बॅच अंधार पडल्यावर सुटते, कोर्टावर एकही बाई नाही. अँडी आणि जेमी मरे या दोन मुलांना स्कॉटलंडच्या डनब्लेन गावात घडवणाऱ्या जुडी मरे यांनी पुढे मुलींसाठी ‘मिस-हिट्स’ हा वेगळा उपक्रम उभा केला. मुलींना मुलींबरोबर आणि बायकांच्या हाताखाली सुरुवात करू द्या, हे त्यामागचं साधं तत्त्व. महाराष्ट्रात राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळून थांबलेल्या किती तरी तरुणी आहेत. त्यांच्यासाठी प्रशिक्षकाची नोकरी, ठरलेला पगार आणि ठरलेले तास अशी रीतसर जागा काढणारे क्लब शोधावे लागतात.

सुरक्षिततेबद्दल बोलायला आपण फार बिचकतो. १९९० मध्ये पंचकुल्यात टेनिस शिकणाऱ्या एका चौदा वर्षांच्या मुलीचा विनयभंग झाला. आरोपी होता हरियाणाच्या लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्ष, वरिष्ठ पोलीस अधिकारी. तिने तीन वर्षांनी जीवन संपवलं; त्याला दोषी ठरवायला डिसेंबर २००९ उजाडलं. २०१२ मध्ये मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आला. कायदा असला तरी कोर्टावरची रीत क्लबनेच ठरवायची असते. पकड सुधारताना मुलाच्या हाताला हात लावण्याआधी विचारायचं, एकट्या मुलाला बंद खोलीत फिटनेस द्यायचा नाही, स्पर्धेच्या प्रवासात कोण कुठे राहणार हे लिहून ठेवायचं, आणि तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव फळ्यावर लावायचं. चांगल्या सरांना याचा जाच होत नाही. उलट संशयाच्या वातावरणात काम करण्यापेक्षा लिहिलेले नियम त्यांच्याच संरक्षणाचे ठरतात.

जूनमध्ये नवी बॅच सुरू होताना पालक साधारण एकच प्रश्न विचारतात: ‘तुमची किती मुलं रँकिंगमध्ये आहेत?’ त्याऐवजी थोडे वेगळे प्रश्न विचारून पाहावेत. लहान मुलांची बॅच खुद्द कोण घेतं? त्याने मुलांना शिकवण्याचं काही प्रशिक्षण घेतलं आहे का? एका कोर्टावर किती मुलं, आणि रांग लागते का? चेंडू कोणत्या रंगाचे? जिमखान्यांनी कोर्ट भाड्याने देताना दर सर्वांत जास्त कोण देतो एवढंच न पाहता दहा वर्षांखालच्या बॅचला प्रशिक्षित माणूस नेमण्याची अट करारात घालावी, आणि त्या बॅचपुरता आपला वाटा कमी करावा. राज्य संघटनेने आणि जिल्हा संघटनांनी मार्कर आणि सहायक प्रशिक्षकांसाठी मराठीतून, पावसाळ्याच्या रिकाम्या महिन्यांत अभ्यासक्रम घ्यावेत. त्या दिवसांत त्यांची कमाईही फारशी बुडत नाही.

आणि प्रत्येक अकादमीने करंडकांच्या फोटोंशेजारी एक आकडा लावावा: पाच वर्षांपूर्वी लाल चेंडूच्या बॅचला आलेल्या मुलांपैकी आज किती जण टेनिस खेळतात, इथे किंवा दुसरीकडे कुठेही. त्यासाठी ना अनुदान लागतं, ना परवानगी. फीच्या जुन्या वहीतली नावं काढायची आणि त्या घरी फोन करायचे.